आठवलेला जन्म कोणाचा?

आज बाणभट्टापासून सुरुवात करून आपल्याला थेट जपानला जायचं आहे. दचकू नका. ज्या 'कादंबरी'वरून मराठीने एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला नाव दिलं, ती मुळात जन्मांतरीची प्रेमकथाच. पुंडरीक मरतो, वैशंपायन होऊन जन्मतो आणि अच्छोद सरोवरापाशी महाश्वेतेकडे ओढला जातो. का, ते त्याला ठाऊक नाही. तिलाही ओळख पटत नाही. ती शाप देते आणि जिच्यासाठी तो मेला होता तिच्याच शब्दाने पोपट होतो. ओढ राहिली, आठवण गेली.

हिवातारी साकी या चित्रकर्तीच्या कॉमिकमध्ये नेमकं उलटं घडतं. नाव 'बोकु नो चिक्यू ओ मामोत्ते', म्हणजे 'माझ्या पृथ्वीला सांभाळ'. 1994 साली संपलेली 21 खंडांची ही मालिका. नातीने इंग्रजी खंड आणून दिले तेव्हा आम्ही, खरं सांगायचं तर, नाक मुरडलं होतं.

कथा अशी. परक्या ग्रहमालेतले सात शास्त्रज्ञ चंद्रावरच्या तळावरून पृथ्वीचं निरीक्षण करत असतात. त्यांचं घर युद्धात नष्ट होतं, पाठोपाठ तळावर साथ येते. शुकाइदो हा त्यांच्यातला वैद्य मत्सरापोटी शिओनला लस टोचतो. म्हणजे सगळे जातील आणि हा एकटा उरेल! शिओन नऊ वर्षं एकटा जगून मरतो. पुढे सातही जण जपानमध्ये जन्मतात. बाकीचे हायस्कुलात, शिओन नऊ वर्षं उशिरा मेला म्हणून नऊ वर्षं धाकटा. तो रिन, सात वर्षांचा. आता बघा, पुनर्जन्माचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडलेला आम्ही तरी दुसरीकडे पाहिला नाही.

रिनला सगळं आठवतं, आणि शुकाइदोचा जन्म घेतलेल्या हारुहिकोला तो छळायला लागतो. इथे आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराचे कान टवकारतात. जॉन लॉक म्हणतो, जिथवर आठवण तिथवर तो माणूस आणि तिथवरच त्याची जबाबदारी. आपला कर्मसिद्धान्त म्हणतो, आठवो न आठवो, फळ भोगायचंच. हारुहिकोला आठवतं, पण सुई त्याने टोचलेली नाही. त्याच्या या हातांनी तर नाहीच. मग शिक्षा कोणाला? आणि रिनचं काय? त्याचं बालपण दुसऱ्याच कोणाच्या सुडाने खाऊन टाकलं आहे. हिवातारी याचं उत्तर देत नाहीत, पण प्रश्न शेवटपर्यंत सोडत नाहीत. हे या कॉमिकचं मोठं बळ.

दुसरं बळ म्हणजे आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. शिओनच्या आठवणीतली मोकुरेन जवळजवळ देवी आहे. तिच्या बाजूने तेच दिवस पुन्हा येतात तेव्हा तिथे एक एकाकी, धांदरट मुलगी दिसते. आणि तिचाच जन्म घेतलेली आलिस कित्येक प्रकरणं 'मी ती नव्हेच' म्हणत राहते. आम्हाला ती सगळ्यांत शहाणी वाटली.

उणिवा आहेत, आणि लहान नाहीत. तामुरा आणि मिकुरो यांची उपकथा, मनःशक्तीच्या मारामाऱ्या यांत मधले खंड रेंगाळतात. ते चालेल. पण शिओनने मोकुरेनवर केलेली बळजबरी कथा त्यांच्या प्रेमातली एक पायरी म्हणून घेते, ते चालणार नाही. हारुहिकोच्या अपराधाचा एवढा कीस काढणारी लेखणी इथे घाईने पुढे का जाते? त्याला त्याचं दुःख होतं, हे काही उत्तर नव्हे.

आणखी एक गोष्ट. मालिका चालू असताना वाचकांची पत्रं येऊ लागली, की आम्हालाही पूर्वजन्म आठवतो. शेवटी हिवातारींना एका खंडात छापावं लागलं, की ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कल्पित आहे. काही जण याला कॉमिकचं यश म्हणतील. आम्हाला ते खटकतं. कथा ओरडून सांगते, की आठवण हे ओझं आहे. पण चित्रांतला तो चंद्रावरचा तळ, फुलापानांत बुडालेली मोकुरेन, इतकी देखणी उतरली आहे, की कोवळ्या वाचकाला तिथेच जावंसं वाटावं. शब्द अडवतात आणि चित्रं बोलावतात. आम्ही स्वतः तो तळ पुन्हा पाहायला मागची पानं चाळली, तेव्हा त्या मुलांना काय बोलणार!