सोहनीकडून मारव्याकडे

पिंपळनेरच्या श्रोत्याचा कान मैफलीत बसून तयार होत नाही. मैफल ऐकायची तर धुळं नाहीतर नाशिक गाठावं लागतं. आमच्या कानावर आधी पडतात ती नामसप्ताहातली भजनं, पश्चिमेकडच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्ररात्र घुमणारी पावरी आणि रेडिओ. रागदारीशी पहिली गाठ बहुतेकांची सिनेमातच पडते. 'बैजू बावरा'तली (१९५२) ती जुगलबंदी घ्या. बैजूसाठी द. वि. पलुसकर गायले आणि हरणाऱ्या तानसेनासाठी अमीर खाँ. तिथं गाणं म्हणजे सामना. तान जितकी तेज, तितकी दाद मोठी. ही आवड हलकी असं मी म्हणणार नाही. तानेनं अंगावर काटा येतो तो खराच असतो.

पुढं 'मुघल-ए-आझम' (१९६०) आला. त्यातल्या तानसेनाला आवाज बडे गुलाम अली खाँचा, राग सोहनी. सोहनी कुणालाही चटकन आवडते. तार षड्जाच्या आसपास तिचा सगळा झगमगाट. मौज अशी, की सोहनी, पूरिया आणि मारवा या तिघांचे सूर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. सोहनीचा जीव वरच्या सप्तकात, पूरियाचा गंधार-निषादात आणि मंद्रात, तर मारवा उभा रिषभ-धैवतावर. आवड सोहनीपासून निघून मारव्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात स्वर मात्र एकही नवा शिकावा लागत नाही.

अमीर खाँसाहेबांची मारव्याची ध्वनिमुद्रिका ऐकावी. विलंबित झुमरा, चौदा मात्रांचा, आणि लय इतकी संथ, की ठेका मोजू गेलं तर धीर सुटतो. आवाज खालीच, मंद्रात फिरत असतो. मग ते कोमल रिषभावर येऊन थांबतात. षड्ज अगदी खाली, लागूनच आहे. तंबोरा तो एकसारखा सांगतो आहे, कान त्याची वाट पाहतो आहे, आणि खाँसाहेब त्याला वगळून निषादावरून धैवताकडे उतरतात. पुन्हा रिषभ, पुन्हा तीच बगल. अशा किती हुलकावण्यांनंतर षड्ज लागतो तेव्हा दिवसभर वावरात राबलेल्या माणसानं ओट्यावर टेकावं तसं वाटतं. तेही फार वेळ नाही. लगेच उठून पुन्हा रिषभ.

विशीतल्या श्रोत्याला या गाण्यात दोन स्वरवाक्यांमधल्या मोकळ्या जागा टोचतात. आता पुढं काय, असं त्याला होतं. पन्नाशीत तोच माणूस त्या जागेत मागचा रिषभ धरून बसलेला असतो. मुद्रिका आहे तीच. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या स्मरणात. मारवा कळायला मुळात हे स्मरणच लागतं, कारण जो स्वर टाळला तो मनात वाजत नसेल, तर टाळण्याला अर्थच उरत नाही. पावरीच्या घुमण्यावर रात्र काढलेल्या कानाला हे जरा लवकर जमत असावं, असा माझा आपला अंदाज.

खाँसाहेब वाढले इंदूरला. धुळ्याहून आग्रा रोडनं सरळ निघालं की इंदूरच, त्यामुळं ते आम्हाला फार परके वाटत नाहीत. वडील शाहमीर खाँ यांच्याकडून भेंडीबाजारची मेरुखंडाची तालीम मिळाली, म्हणजे मोजक्या स्वरांच्या उलटसुलट मांडण्या. संथपणावर किराण्याच्या अब्दुल वहीद खाँची छाया. या मेरुखंडाची करामत द्रुतात दिसते. ताना येतात, भरपूर येतात, पण सरळ चढून सरळ उतरत नाहीत. मधूनच वळतात, तेच तीन-चार स्वर फिरवून नव्या क्रमानं पुढं ठेवतात. 'बैजू बावरा'वर पोसलेल्या श्रोत्याला इथं त्याचा जुना थरार परत मिळतो. फक्त या वेळी समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही, आणि 'वाहवा' म्हणावी अशी जागा येईपर्यंत तान दुसरीकडे गेलेली असते.