इमारत डोंगरासारखी दिसून भागत नाही

‘निसर्गाशी एकरूप’ हे शब्द आता प्रत्येक नव्या कॅम्पसच्या ब्रोशरमध्ये असतात. बाहेर काच, काचेवर टांगलेल्या कुंड्या, गच्चीत थोडं गवत आणि आत दिवसभर एसी. मी ज्या प्रकारच्या ऑफिसात बसून कोड लिहितो, तिथे बाहेर पाऊस पडतोय हे व्हॉट्सॲपवरून कळतं. अशा इमारतीला एकच प्रश्न विचारावा. भोवतालचा निसर्ग उद्या काढून घेतला, तर आतलं काम अडेल का? अडणार नसेल, तर तो निसर्ग म्हणजे नुसता वॉलपेपर.

या प्रश्नावर घासून बघावी अशी आपल्याकडची इमारत म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका. खगोलशास्त्राचं हे केंद्र १९८८ मध्ये सुरू झालं. संस्थापक संचालक जयंत नारळीकर, म्हणजे जन्माने आपले कोल्हापूरचेच. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. डिसेंबर १९९२ मध्ये संस्थेचं लोकार्पण झालं.

कोरियांनी इथे झाडाझुडपांत लपण्याचा प्रयत्न केलेला नाही. भिंती काळ्या आहेत, पण तीन प्रकारच्या काळ्या. खाली इथलाच खडबडीत बेसाल्ट, त्यावर कडप्पा आणि सगळ्यात वर गुळगुळीत, चकचकीत ग्रॅनाइट. नजर वर चढते तसा दगड जड वाटेनासा होतो. वरच्या पट्टीत ढग दिसतात आणि भिंत नेमकी कुठे संपली हे कळत नाही. जमिनीशी नातं सांगत भिंत आकाशाकडे जाते. खगोलशास्त्राच्या संस्थेला याहून चांगला भवताल कोणता असणार?

मध्यभागी उघड्या आभाळाखाली कुंड आहे आणि मुख्य इमारती त्याच्याभोवती. मला ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. सैद्धांतिक संशोधनाचा मोठा भाग गप्पांमधून होतो आणि गप्पांना सावली, बसायला कट्टा आणि वारा लागतो. आभाळ इथे शोभेला ठेवलेलं नाही, ते रोजच्या कामात आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हे नवं वाटू नये. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला, शिलाहारांच्या काळातला स्वर्गमंडप आठवा. काळ्या दगडाचे खांब आणि छताच्या मधोमध गोल मोकळं आभाळ. ते भोक बुजवलं, तर स्वर्गमंडप उरत नाही, नुसता मंडप उरतो.

पण आयुकाचं सगळंच या कसोटीला उतरत नाही. फरशीवर सिअरपिन्स्कीचा त्रिकोण आहे. कुंडापाशी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. शाळेच्या सहलीला हे आवडतं, फोटोही छान येतात. तरी हा इमारतीत लिहिलेल्या कॉमेंट्सचा भाग झाला. कोड नीट लिहिलेला असेल, तर इतक्या कॉमेंट्स लागत नाहीत. काळी भिंत जे न बोलता सांगते, तेच पुतळे पुन्हा मोठ्याने सांगतात. फूकोचा लंबक मात्र वेगळा. पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा सरकते. पृथ्वी थांबली, तर ते दालन निरर्थक होईल.

आयुकाआधी नारळीकर मुंबईत टीआयएफआरमध्ये होते. कुलाब्याची ती इमारत शिकागोच्या हेल्मुट बार्च यांनी रचली. १९६२ मध्ये नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. होमी भाभांनी जातीने लक्ष घालून तिथली बाग घडवली. समोर हिरवळ, पलीकडे समुद्र. इमारत देखणी आहे, पण निसर्ग तिच्यासमोर पसरलेला आहे. खिडकीतून बघायचा. आयुकात तो मधोमध आहे, ओलांडून जायचा.

कोरियांचं काम एका बाजूने सोपं होतं, हेही मान्य करायला हवं. फळा, कम्प्युटर आणि माणसं एवढ्यावर बरंचसं भागणारी संस्था मोकळी ठेवता येते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विषारी वायू ओढून घेणारे पंखे लागतात, सूक्ष्मजीवशास्त्राला बाहेरची धूळ चालत नाही. तिथे अंगण मधोमध आणून काम होत नाही. तिथे निसर्गाशी नातं पाण्याचं, सांडपाण्याचं आणि उताराचं असतं. ते फोटोत दिसत नाही.

न दिसणाऱ्या नात्याचं उत्तम उदाहरण आयुकाचंच आहे. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर गिरवलीला त्यांची वेधशाळा आहे. २००६ पासून तिथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. इमारत म्हणून घुमट काही डोंगरात मिसळत नाही, लांबून उठून दिसतो. पण भोवतीच्या गावांवर आणि रस्त्यांवर झगमगाट वाढला, तर दुर्बीण आंधळी होत जाईल. तिला अंधार हवाच. माझ्या प्रश्नावर शंभरपैकी शंभर गुण या घुमटाला.

याच्या अगदी उलटही घडू शकतं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या सड्यावर उद्या कुणी जांभ्या दगडाची, बुटकी, मातकट रंगाची रिसर्च बिल्डिंग बांधली, तर ती लँडस्केपमध्ये सुंदर मिसळेल. पुरस्कारही मिळेल. पण सड्यावरच्या वीतभर मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी फुलं पायाखाली जातील आणि पाण्याच्या वाटा बदलतील. रंग जुळला म्हणून नातं जुळत नाही.

कोल्हापुरात आयटी पार्क हवं, ही मागणी जुनी आहे. माझीही आहे, कारण नोकरीसाठी पुणं गाठण्याला आमची पिढी कंटाळली आहे. ते होईल तेव्हा प्रेझेंटेशनमध्ये हिरवी चित्रं येतील. त्या वेळी आपण तीन गोष्टी विचाराव्यात. या जागेवर पडणारं पाणी आज कुठे जातं आणि बांधल्यावर कुठे जाईल? एप्रिलच्या दुपारी एसी बंद पडला, तर आत बसता येईल का? आणि रात्री दिवे कुणासाठी चालू राहतील? याची उत्तरं असतील, तर इमारत कुठल्याही रंगाची असली तरी चालेल.