‘सेंटिमेंटल’ : एका विशेषणाची अधोगति

कादंबरींत कोणी रडलें कीं टीकाकारानें तिला ‘भावविवश’ म्हणून मोकळें व्हावें, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. या शब्दामागें बहुधा ‘सेंटिमेंटल’ हें इंग्रजी विशेषण उभें असतें. म्हणून त्याचें पूर्वचरित्र पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लॅटिन ‘सेंतीरे’ म्हणजे जाणणें, अनुभवणें. त्यापासून ‘सेंटिमेंट’ हें नाम फ्रेंचमधून इंग्रजींत आलें, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास त्याचें हें विशेषण रूढ झालें. सन १७४९ मध्यें लेडी ब्रॅडशे या वाचक स्त्रीनें कादंबरीकार रिचर्डसन यास पत्रानें विचारलें कीं, सभ्य समाजांत ज्याच्या त्याच्या तोंडीं असलेल्या या शब्दाचा अर्थ तरी काय? त्या काळीं तो गौरवाचा शब्द होता. सूक्ष्म संवेदना आणि उन्नत विचार हा त्याचा आशय. स्टर्नच्या ‘अ सेंटिमेंटल जर्नी’नें (१७६८) तो युरोपभर नेला. जर्मन भाषांतरकार बोडे यास प्रतिशब्द सुचेना, तेव्हां लेसिंगनें ‘एम्फिंडझाम’ हा शब्द सुचविला. उलट जॉन वेस्लीनें १७७२ सालीं, हा शब्द इंग्रजीच नव्हे, असें रोजनिशींत फटकारलें.

पुढें शब्दाचे दिवस फिरले. डिकन्सच्या चिमुकल्या नेलच्या मृत्यूनें १८४१ सालीं वाचक ढसढसा रडले. शतक संपेपर्यंत त्याच अश्रूंची थट्टा होऊं लागली.

या निंदेला कांहीं शिस्त आणली ती आय. ए. रिचर्ड्स यांनीं, ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्यें (१९२९). प्रसंगाच्या मानानें भावना अधिक झाली तर दोष, हें त्यांनीं सांगितलेंच. पण त्याच प्रकरणांत त्याच्या जोडीला भावनेचा अवरोध हा उलट दोषही ठेवला. हा दुसरा भाग आमचे टीकाकार विसरतात.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर (१९३५) हा आरोप वारंवार झाला आहे. निवेदकाचेच डोळे तेथें इतक्या वेळां भरून येतात कीं वाचकास कांहीं करावयाचें उरत नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु दारिद्र्यानें खचलेल्या घरांतील आईचा मृत्यु हा प्रसंग लहान म्हणावयाचा काय? भावना किती आहे हें मोजण्यापूर्वीं प्रसंग केवढा आहे हें टीकाकारानें दाखविलें पाहिजे. तें न दाखवितां वापरलेलें विशेषण पुस्तकाविषयीं कांहींच सांगत नाहीं. टीकाकाराला रडण्याची लाज वाटते, एवढेंच सांगतें.