केशवपन आणि प्रव्रज्या : एका विपर्यासाची चिकित्सा

हिंदू विधवेच्या केशवपनाची रूढी बौद्ध भिक्खुणींच्या मुंडनाच्या अनुकरणातून आली, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. दोन्हीकडे मुंडित मस्तक आहे आणि अलंकारांचा त्याग आहे, म्हणून ते वरवर पटण्याजोगेही वाटते. परंतु बाह्य साम्यावरून कुळ ठरविणे ही चिकित्सा नव्हे. स्त्रीच्या अवनतीचे खापर तथागतांवर फोडण्याचा प्रयत्न यापूर्वीही झाला होता. १९५१ साली ‘महाबोधी’ नियतकालिकातील लेखात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला आणि त्या अवनतीचे मूळ मनूच्या विधानात दाखवून दिले. केसांच्या प्रश्नालाही हीच कसोटी लावली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

विधवेच्या केशवपनाची आज्ञा मनुस्मृतीत नाही, हे प्रथम मान्य करू. विधवेने फुले, मुळे व फळे खाऊन देह झिजवावा, असे तेथे सांगितले आहे. मात्र मुंडनाला त्या ग्रंथात कोणता अर्थ आहे, हे पाहणे उद्‌बोधक आहे. आठव्या अध्यायात, ज्या अपराधास इतर वर्णांना देहांताची शिक्षा आहे, त्यासाठी ब्राह्मणास केवळ मुंडन सांगितले आहे. कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीसही मुंडनाचाच दंड आहे. म्हणजे या परंपरेत मुंडन ही अपराध्याची शिक्षा होती. पुढे स्कंदपुराणाच्या काशीखंडाने, विधवेने बांधलेली वेणी परलोकी पतीला बंधन ठरते, असे सांगून तिच्या मस्तकावर वस्तरा आणला. शिक्षेचे साधन तेच राहिले. अपराध मात्र कोणताच नव्हता. पतीचा मृत्यू हाच तिचा अपराध मानला गेला. पत्नी वारली म्हणून पुरुषाने जन्मभर मुंडित राहावे, असा दंडक मात्र या परंपरेने घातला नाही.

आता भिक्खुणीकडे पाहू. चुल्लवग्गातील वृत्तान्तानुसार महाप्रजापती गौतमीने संघप्रवेशाची अनुमती मागितली, ती नाकारली गेली. त्यानंतर तिने व तिच्यासोबतच्या शाक्य स्त्रियांनी केस कापले, काषाय वस्त्रे धारण केली आणि त्या पायी वैशालीस गेल्या. केस आधी कापले गेले, अनुमती नंतर मिळाली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. त्या मस्तकांवर कोणाची आज्ञा चालली नव्हती. स्त्रियांनी आपला निर्णय आपल्याच देहावर नोंदविला होता. शिवाय संघात भिक्खूचे मस्तकही तितकेच मुंडित असते. संघातील स्त्रीपुरुषांच्या सर्वच नियमांत समता होती, असा आमचा दावा नाही. परंतु मुंडन ही केवळ स्त्रीवर लादलेली खूण नव्हती, एवढे निर्विवाद आहे.

थेरीगाथेतील साक्ष याहून बोलकी आहे. भद्दा कुंडलकेसा पूर्वी दुसऱ्या श्रमणपंथात होती. त्या काळात आपण केस काढून, अंगावर मळ बाळगून, एका वस्त्रानिशी हिंडत होतो. जेथे दोष नाही तेथे दोष पाहत होतो आणि जेथे आहे तेथे पाहत नव्हतो, असे ती सांगते. केस नसणे हे तिच्या लेखी सद्‌गुणाचे प्रमाण नाही. अम्बपाली आपल्या एकेकाळच्या भुंग्यांसारख्या काळ्या केसांचे वर्णन करते आणि वार्धक्यात त्यांचे काय झाले तेही सांगते. त्यात लाज नाही, पश्चात्तापही नाही. आहे ते अनित्यतेचे दर्शन. एरवी कवींनी स्त्रीच्या केसांचे वर्णन पाहणाऱ्या पुरुषासाठी केले. येथे पाहणारी स्वतः ती स्त्री आहे.

धम्मपदाने तर दोन्ही टोके नाकारली आहेत. मुंडनाने कोणी श्रमण होत नाही आणि जटांनी कोणी ब्राह्मण होत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. यातील दुसरा भाग आपल्या समाजाच्या अधिक जवळचा आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मुलीच्या केसांत जट आली की सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले, असे मानले गेले. तेल-फणी न मिळालेल्या केसांच्या गुंत्यावरून मुलींचे आयुष्य ठरविले गेले. देवीला सोडलेल्या या मुली बहुतांश दलित घरांतील होत्या. विधवेचा केस ठेवायचा नाही, जोगतिणीचा कापायचा नाही. नियम परस्परविरुद्ध, परंतु तत्त्व एकच : स्त्रीचा केस तिचा नव्हे. एकीचा तो मृत पतीच्या मालकीचा, दुसरीचा देवीच्या. वरच्या जातीत वस्तरा, खालच्या जातीत जट, अशी ही विभागणी आहे.

या दोन्हींना विरोध झाला, त्याचे स्वरूपही ध्यानात घ्यावे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस न भादरण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. १९३६ साली मुंबईत देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. कायद्याने देवीला सोडणे गुन्हा ठरले. जटेचे भय मात्र मनातून काढावे लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आधी समजूत घालतात, मग कात्री हाती घेतात, हे योग्यच आहे. बळाने जट कापणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याचा हात तिच्या मस्तकावर ठेवणे होय.

म्हणून ही चिकित्सा केवळ इतरांपुरती ठेवता येणार नाही. विहारात पांढरी साडी नेसून आलेल्या मुलीचे केस आखूड आहेत, मोकळे आहेत, यावरून तिच्या शीलाची चर्चा आपल्यातही होत असेल, तर काशीखंड आपल्या ओसरीवर येऊन बसले आहे, असेच म्हणावे लागेल. शील पंचशीलाच्या आचरणाने ठरते. वेणीच्या लांबीने नव्हे. मुलीने केस वाढवावे, कापावे की प्रव्रज्येसाठी उतरवावे, हा निर्णय तिचा आहे, आणि महाप्रजापतीच्या वारसांनी तो तिच्यापासून हिरावून घेऊ नये.