स्वरपत्रांचा रुमाल : एकोणिसाव्या शतकातील युरोपीय छापील संगीताच्या संग्रहाविषयी

पंचरेषी स्वरलिपीत छापलेली आणि सुट्या चोपड्यांच्या रूपाने विकली जाणारी गीते व वाद्यरचना, ज्यांस इंग्रजी व्यवहारात ‘शीट म्युझिक’ म्हणतात, त्यांचा अभ्यास आपल्याकडे जवळजवळ अनाथ राहिला आहे. ग्रंथपाल त्यांना पुस्तकांत मोजत नाही, संगीताचा अभ्यासक त्यांना आपल्या संगीतात मोजत नाही, आणि इतिहासकार त्यांना कागदपत्रांत मोजत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, अशा स्वरपत्रांचे मोल त्यांतील रचनेच्या थोरवीवरून अथवा मुखपृष्ठाच्या देखणेपणावरून ठरवू नये. ती कोणी एकत्र केली, कोणत्या क्रमाने बांधली आणि कशी वापरली, यावरून ते ठरवावे. हे मान्य केल्यास संग्रहाचे व जतनाचे नियमही बदलतात.

या प्रश्नाचा मावळाशी संबंध काय, असे कोणी विचारील. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. पुणे ते खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि घाटाचा अवघड टप्पा १८६३ मध्ये पुरा झाला. त्यानंतर मुंबई बंदरात उतरलेला पियानो आगगाडीने थेट लोणावळ्यास पोहोचविणे शक्य झाले. लोणावळ्यात रेल्वेची इंजिनशाळा, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट व कॅथलिक प्रार्थनामंदिरे उभी राहिली. अशा वसाहतीत प्रार्थनेला स्वर लागतात, मुलींच्या शिक्षणात पियानो असतो, आणि पावसाळ्यातील दीर्घ संध्याकाळी घरातच घालवावयाच्या असतात. मुंबईत १८६५ साली स्थापन झालेली फुर्टाडो यांची पेढी आजही पाश्चात्त्य वाद्ये व स्वरपुस्तके विकते. तेव्हा घाटमाथ्यावरील एखादा जुना बंगला विकला जातो आणि त्याच्या कपाटांबरोबर आतील कागदही उचलले जातात, त्या वेळी रद्दीच्या काट्यावर नेमके काय चढते, हा प्रश्न या भागातील विद्यापीठाने स्वतःस विचारला पाहिजे.

स्वरपत्र वाचण्याची पहिली अडचण कालनिश्चितीची. प्रकाशक बहुधा त्यावर वर्ष छापीत नसत. जुने दिसलेले संगीत खपत नाही, हा त्यांचा व्यापारी हिशेब. म्हणून पानाच्या तळाशी असणारा मुद्रणपट्टाचा क्रमांक, प्रकाशकाचा पत्ता, किंमत आणि विक्रेत्याचा शिक्का यांवरून वर्ष काढावे लागते. लाइपत्सिग येथे होफमाइस्टर यांनी १८२९ पासून नव्या संगीतप्रकाशनांच्या मासिक याद्या काढल्या. त्यांचाही येथे मोठा आधार होतो. मुद्रणाची पद्धतही साक्ष देते. धातूच्या पट्टावर कोरून छापलेल्या पानाच्या कडेने पट्टाची दाबखूण उमटलेली असते. शिलामुद्रणात ती नसते. ज्या शिलाप्रेसवर आपल्याकडील पोथ्या निघाल्या, ते तंत्र झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधले आणि त्याचे आरंभीचे उपयोग संगीत छापण्यासाठीच झाले, हे मराठी मुद्रणाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी अडचण अभिरुचीची. या चोपड्यांत बीथोव्हेन थोडा आणि पोल्का, क्वाड्रिल, वॉल्ट्झ, भावगीते व ऑपेरातील सुरावटींची सोपी रूपांतरे फार. टेक्ला बोंदाझेव्स्का या पोलिश तरुणीची ‘कुमारिकेची प्रार्थना’ ही पियानोरचना १८५६ साली वॉर्सा येथे छापली गेली आणि पाहता पाहता अनेक खंडांतील दिवाणखान्यांत पोहोचली. संगीतसमीक्षकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. कलाकृती म्हणून ती थट्टा अनाठायी नसेलही. परंतु दिवाणखान्यात प्रत्यक्ष काय वाजत होते, याचा पुरावा म्हणून तिची वापरून जीर्ण झालेली एक प्रत एखाद्या सिंफनीच्या न उघडलेल्या प्रतीपेक्षा अधिक बोलते. पान उलटून उलटून झिजलेला खालचा कोपरा, बोटांचे क्रमांक लिहिणारी शिक्षिकेची पेन्सिल, अवघड भागावर मारलेली काट, चामडी बांधणीवर सोनेरी अक्षरांत उमटविलेले मालकिणीचे नाव : हा सर्व मजकूरच आहे. तो प्रकाशकाने छापलेला नाही, एवढेच.

येथे आपल्याच परंपरेतील एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे रुमाल. पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि संशोधक कागदाबरोबर रुमालाचा क्रमांक देतो. कारण कागद कोणत्या सोबत्यांमध्ये सापडला, यावर त्याचा अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो. त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवृत्तीनंतर मावळातीलच कामशेत येथे राहून लेखन केले. ज्या भूमीत कागदाची अशी कदर झाली, तेथे स्वरपत्रांना निराळा न्याय लावण्याचे कारण नाही. एका घराने वीस वर्षांत जमवून एकत्र बांधलेला स्वरपत्रांचा खंड हाही रुमालच होय. परंतु जुन्या वस्तूंचा व्यापारी त्यातील रंगीत मुखपृष्ठे कापून चौकटीत बसवितो, आणि ग्रंथपाल प्रसिद्ध रचनाकारांची पाने वेगळी काढून उरलेली बाजूस टाकतो. दोघांच्या हेतूंत अंतर असले, तरी परिणाम एकच : रुमाल सुटतो आणि साक्षीदार मुका होतो.

संग्रह एकत्र राहिल्याने काय साधते, याचे उदाहरण मराठी इतिहासातच आहे. मात्र त्यासाठी तंजावरास जावे लागते. तेथील भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी युरोपीय ग्रंथांबरोबर छापील व हस्तलिखित युरोपीय संगीतही जमविले, आणि ते सरस्वती महाल ग्रंथालयात टिकले. ज्या राजाने मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली, त्याच्याच दरबारी युरोपीय पद्धतीचा वाद्यवृंद होता. त्याच प्रदेशात, त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितर युरोपीय चालींवर संस्कृत पदे बांधीत होते आणि त्यांचे बंधू बालुस्वामी व्हायोलिन आत्मसात करीत होते. हे संगीत एकाच राजसंग्रहात, मोडी कागद व संस्कृत पोथ्यांच्या शेजारी राहिले, म्हणूनच त्या दरबाराच्या कुतूहलाचा एक सलग आलेख आज मांडता येतो. तीच पाने जगभरच्या विक्रेत्यांकडे विखुरली असती, तर ती केवळ जुन्या विलायती चोपड्यांच्या प्रती ठरली असती.

याचा आपल्या संगीतविचाराशीही निकटचा संबंध आहे. १८७४ साली सी. बी. क्लार्क यांनी भारतीय संगीतासाठी पंचरेषी लिपीचा पुरस्कार केला आणि सौरींद्रमोहन टागोर यांनी त्यास विरोध केला. त्याच वर्षी पुण्यात गायन समाज स्थापन झाला. पुढे पलुस्कर व भातखंडे यांनी आपापल्या स्वरलेखनपद्धती सिद्ध केल्या, तर क्लेमंट्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात पंचरेषी लिपीच हाती धरली. हा वाद तत्त्वाचा म्हणून आपण शिकवितो. परंतु ती लिपी आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर कोणत्या रूपात, कोणत्या किमतीला आणि कोणाच्या हातांत आली, हे त्या चोपड्यांवाचून समजणार नाही.

आता जतनाविषयी. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. शतकाच्या पूर्वार्धातील चिंध्यांचा कागद हे हवामान पुष्कळ सोसतो. उत्तरार्धातील लाकडी लगद्याचा, तुरटी व राळ घातलेला कागद मात्र स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो, आणि दमटपणा त्या क्रियेस वेग देतो. म्हणून अशी पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. आतील ओल बाहेर न पडल्याने बुरशी धरते. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, बांधणी उसवू नये. आम्लरहित कागदाच्या वेष्टनात आडवी ठेवून, भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशा कपाटात ती ठेवावीत आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाहावीत. आपल्या पोथ्यांचा सुती रुमाल आणि वेखंडाची पुरचुंडी ही येथेही निरुपयोगी नाहीत. फक्त वेखंड पानांना लागू देऊ नये.

मोडी कागदच जेथे कसरीच्या तोंडी पडत आहेत, तेथे विलायती नाचगाण्यांवर पैसा कशाला, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यास उत्तर असे की, येथे पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. खंड न सोडता त्याची क्रमवार यादी करणे, प्रत्येक शिक्का, नाव व पेन्सिलची खूण नोंदविणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सत्रात शिकविता येते, आणि तीच शिस्त मोडी रुमालासही उपयोगी पडते. छायाप्रती घ्याव्यात, अवश्य घ्याव्यात. परंतु पट्टाची दाबखूण, कागदाचा पोत व झिजलेला कोपरा हे त्यांत पुरते उतरत नाहीत, म्हणून छायाप्रत झाली की मूळ टाकून द्यावे, हा व्यवहार घातक आहे. रचना बहुधा लंडन वा लाइपत्सिगच्या ग्रंथालयात सुरक्षित असेल. घाटमाथ्यावर ती कोणी वाजविली, याचा पुरावा मात्र घाटमाथ्यावरच्या प्रतीतच आहे, आणि ती एकदा रद्दीत गेली की त्याची दुसरी प्रत कोठेही मिळणार नाही.