चित्राखालचं नाव

फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा 1832 साली अल्जियर्सला पोचला तेव्हा फ्रेंचांना ते शहर जिंकून दोनच वर्षं झाली होती. एका घराच्या जनानखान्यात त्याला शिरता आलं. तिथल्या जलरंगाच्या कागदांवर त्यानं समोर बसलेल्या बायकांची नावंही टिपून ठेवली: मूनी, झोहरा. 1834 साली पॅरिसमध्ये मोठं तैलचित्र लागलं, त्याच्या शीर्षकात उरल्या नुसत्या ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’. पुढं शतकभर युरोपीय चित्रकारांनी उत्तर आफ्रिकेच्या बायका रंगवल्या. रंग सुंदर, पडदे, गालिचे, हुक्के जिथल्या तिथं; पण मला ती गळालेली दोन नावंच खुपत राहतात.

धाराशिवकरांनी ही गोष्ट परक्या मुलखाची समजू नये. आपल्याकडची बाई परदेशी नजरेपुढं जाणं फार जुनं आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती पाँपेईच्या राखेखाली निघाली! पण नजरेला सत्तेची जोड मिळाली ती 1853 नंतर. निजामाकडून नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला आणि मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तिथला कारभार पाहू लागला. त्याचा हात चित्रातही चालायचा. दख्खनच्या रेखाटनांचं त्याचं पुस्तक 1837 सालीच निघालं होतं. तुळजापूरची बाई मात्र त्यानं शब्दांत रंगवली, 1863 च्या ‘तारा’ कादंबरीत. ताराला नाव आहे, शास्त्र्याचं घर आहे, टेलरची तिच्यावर मायाही आहे. तरीही वैधव्य, देवीला वाहिलेपण, सतीची चिता आणि शेवटी उमदा खान, असा लंडनच्या दिवाणखान्याला हवा तो सगळा फराळ ताटात हजर. भवानीच्या देवळात त्याला मुरळ्या दिसल्या. मुरळी म्हटलं की आपल्याला आठवतो खंडोबा; कवड्यांची माळ घालून परडी घेतलेली भवानीची आराधीण त्याच्या वाचकाला ओळखीची नव्हती.

एतद्देशीय चित्रकारानं ही नजर बदलली का? उत्तर सरळ नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथंच शिकवू लागले. 1920 च्या सुमारास आयसीएस अधिकारी ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी रंगीत चित्रं केली. धुरंधरांना लुगड्याचा ओचा कुठं खोचतात, भरली घागर कमरेवर घेताना अंग कोणत्या बाजूला कलतं, हे विचारावं लागत नव्हतं. त्यांच्या बायका कुठंतरी निघालेल्या असतात, हातात काम असतं. अल्जियर्सच्या त्या खोलीतली सुस्ती इथं क्वचित दिसते. रॉथफील्डच्या लाडिक मजकुरापेक्षा ही चित्रं कितीतरी प्रामाणिक आहेत. पण खालच्या ओळी वाचा: अहमदाबादची रंगारीण, निलगिरीतली तोडा स्त्री, कानड्यातली नायकीण. जात, धंदा, गाव. माणसाचं नाव नाही. कुंचला घरचा, पाटी साहेबाची.

आता साहेब गेला, पाटी आपण लिहितो. नवरात्रात तुळजापूरला आराधिणींभोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं होतं. मळवट, कवड्या, पोताचा उजेड. जलरंगातही हाच ऐवज वर्षानुवर्षं येतो, आणि हात बसलेल्या चित्रकाराकडून तो सुरेख उतरतोही. पाणी सोडून केलेली धुरकट पार्श्वभूमी, त्यात लालभडक कपाळ. बाई मात्र दरवेळी म्हातारीच हवी, सुरकुतलेलीच हवी, आणि तिनं समोर बघू नये. प्रदर्शनात चौकटीखाली चिठ्ठी असते: ‘आराधीण, तुळजापूर’. चित्रकाराचं नाव कोपऱ्यात, सालासकट.