अनोळखी वस्तू आणि तिचे टीकाकार

वाङ्मयाच्या टीकेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु टीकेचा एक प्रकार घरोघरी चालतो, आणि त्याची परीक्षा करण्याचे मात्र फारसे कोणाला सुचलेले दिसत नाही. जुना वाडा पाडावयाचा ठरतो, माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, आणि एखाद्या पेटीच्या तळाशी अशी एक वस्तू निघते, की जिचे नाव घरातील कोणालाच सांगता येत नाही. मग ती या हातातून त्या हातात फिरते. एक म्हणतो, हे अत्तराचे असावे. दुसरा म्हणतो, वैद्याचे असावे. तिसरा ते पूजेचे ठरवून मोकळा होतो. बहुधा या तिसऱ्याचेच मत मान्य होते, वस्तू घासूनपुसून दिवाणखान्यातील कपाटात जाते आणि चर्चा संपते.

या तर्कवितर्कांस आम्ही टीका म्हणतो ते विनोदाने नव्हे. कर्ता, काळ आणि प्रयोजन ही तिन्ही हरपलेली पोथी आणि अनोळखी वस्तू यांच्यात तत्त्वतः भेद थोडा. दोहींचा अर्थ लावावयाचा असतो, आणि दोहोंना एकच कसोटी लागू पडते: जो अर्थ लावावयाचा त्याने संहितेतील प्रत्येक अवयवाची संगती लावली पाहिजे. श्लोकाचे तीन चरण लागले आणि चौथा सोडून दिला, तर तो अर्थ नव्हे. तद्वत वस्तूचा आकार जुळला, पण तिच्या बुडाशी असलेल्या खाचांचे कारण सांगता आले नाही, तर ती वस्तू ओळखली असे म्हणता येत नाही.

या टीकेतील पहिला दोष म्हणजे केवळ आकारावर विसंबणे. पितळेची वज्री घ्या. वर मोर, हत्ती किंवा घोडेस्वार, पोटात खडे घालून केलेला मंजुळ नाद, आणि खाली चौकडीच्या बारीक खाचा पाडलेला खरखरीत तळ. ज्याने ही वस्तू न्हाणीघरात वापरात पाहिली नाही, तो ती कागदांवर ठेवावयाचे वजन समजतो, किंवा मुलांचे खेळणे समजतो. मोर पाहून केलेला तर्क मोरापुरता बरोबर असतो. पण तळाच्या खाचांना त्यात जागा नसते. वस्तू उलटी करून पाहणाऱ्यालाच कळते, की हे टाच घासण्याचे साधन आहे, आणि कारागिराने सगळी कला वरच्या बाजूस व सगळा उपयोग खालच्या बाजूस ठेवला आहे. तीच गोष्ट झाकणाला बारीक भोके असलेल्या डबीची. आजच्या जेवणाच्या मेजावर ती मिठाची वा मिऱ्यांच्या पुडीची ठरते. परंतु दऊत आणि बोरू यांच्या शेजारी ठेवली, की ती ओल्या शाईवर वाळू शिंपडण्याची डबी होते. जुन्या कागदांच्या घडीत अडकलेले वाळूचे कण तिचीच साक्ष देतात.

आकाराच्या या मोहाचा वाद विद्वानांतही होऊन गेला आहे. १८८४ साली ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या पिट रिव्हर्स संग्रहालयात वस्तूंची मांडणी देशवार न करता प्रकारवार केली होती. म्हणजे जगभरचे दिवे एकीकडे, जगभरची वाद्ये एकीकडे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ओटिस मेसन यांचाही कल अशाच मांडणीकडे होता. १८८७ साली फ्रान्झ बोआस या तरुण मानवशास्त्रज्ञाने त्यावर आक्षेप घेतला. त्याने उदाहरण घेतले ते खुळखुळ्याचे. एक खुळखुळा केवळ आवाज काढण्याच्या हौशीने केलेला असेल, दुसरा धर्मविधीसाठी केलेला असेल. बाहेरून दोन्ही सारखे, पण कारणे अगदी निराळी. वस्तूचा अर्थ तिच्या भोवतीच्या इतर वस्तूंपासून तोडून लावता येत नाही, हे त्याचे म्हणणे होते. आमच्या मते या वादात सत्य बव्हंशी बोआसच्या बाजूस आहे. आणि आपली वज्री तिच्या पोटातील खड्यांसह त्याच बाजूने साक्ष देईल.

दुसरा दोष पहिल्याहून सूक्ष्म आहे. जे कळत नाही त्याला मोठेपण द्यावयाचे, हा तो दोष. उपयोग सापडला नाही की वस्तू ‘धार्मिक विधीची’ ठरते. घरातील काकांपासून उत्खनन करणाऱ्या पंडितांपर्यंत सर्वांना या एका शब्दाचा आश्रय आहे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रोमन साम्राज्याच्या वायव्येकडील प्रांतांत सापडणारे द्वादशफलक. ताम्रमिश्रित धातूची ही पोकळ वस्तू. बारा पंचकोनी बाजू, प्रत्येक बाजूस गोल छिद्र, छिद्रे लहानमोठी, आणि वीसही कोपऱ्यांवर एकेक गोळी. १७३९ साली इंग्लंडात अशा एका वस्तूची पहिली नोंद झाली. त्यानंतर अशा शंभरांहून अधिक वस्तू मिळाल्या. २०२३ साली लिंकनशायरमधील नॉर्टन डिस्नी येथे आणखी एक अखंड हाती आली. परंतु रोमन ग्रंथांत या वस्तूविषयी एक अक्षर नाही.

येथे टीकाकारांची जी गर्दी झाली आहे ती उद्बोधक आहे. एका नगात मेणाचा अंश मिळाला, म्हणून ही मेणबत्तीची बैठक. पण मग बारा निरनिराळी छिद्रे कशाला? छिद्रांतून पाहून अंतर मोजावयाचे, म्हणून हे मोजणीचे यंत्र. पण कोणतेही दोन नग एका मापाचे नाहीत, आणि ज्याला ठरलेले माप नाही ते मापयंत्र कसले? हातमोज्यांची बोटे विणण्याचा साचा, हा अलीकडचा लोकप्रिय तर्क. परंतु तशा विणकामाचा त्या काळातील पुरावा नाही, आणि ज्या कामास लाकडाच्या चार खुंट्या पुरतात त्यासाठी इतके अवघड ओतकाम कोण करील? प्रत्येक तर्क एका अवयवास धरतो आणि उरलेल्यांस सोडतो. सारे तर्क थकले, की शेवटी ‘धार्मिक विधी’ येतो. तो खोटाच आहे असे आमचे म्हणणे नाही; नॉर्टन डिस्नीच्या नगावर झिजेच्या खुणा नाहीत, ही गोष्ट त्यास थोडी अनुकूलही आहे. आमचा आक्षेप इतकाच, की कोणता विधी, कोणाचा, आणि त्यात बारा छिद्रांचे काम काय, हे सांगितल्यावाचून तो शब्द उच्चारणे म्हणजे ‘ठाऊक नाही’ हेच भारदस्त आवाजात सांगणे होय.

मग खरी पद्धत कोणती? आमचे उत्तर असे, की वस्तूने केलेले काम तिच्याच अंगावरून वाचावे. पाटा मध्यभागी खोलगट होतो, विळीचे पाते धार लावून लावून अरुंद होते, जात्याचा खुंटा तळव्यांनी गुळगुळीत होतो. खालचा फुलोरा तुटून गेलेला रवीचा दांडा नुसती काठी वाटेल. पण त्याच्याभोवती दोरीने पडलेल्या खाचा ज्याने पाहिल्या, त्याला ताक दिसल्यावाचून राहणार नाही. फणेरपेटीतील एका लहानशा कप्प्यात चिकट अंश उरलेला असतो. कोरडे कुंकू टिकावे म्हणून आधी कपाळास मेण लावीत, हे ज्याला माहीत आहे त्याला तो कप्पा आपण होऊन बोलतो. तांब्याच्या भांड्यास आतून कल्हई असेल, तर त्याचा अन्नाशी संबंध होता हे बहुतेक निश्चित. यांतील एकही खूण दुरून दिसणारी नाही, आणि चिंच व राख लावून वस्तू लखलखीत केली की यांतील पुष्कळशा नाहीशा होतात. चकाकी आणण्याच्या हौसेने आपण साक्षीदाराची जीभच कापतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण घटिकापात्राचे. तांब्याची लहानशी वाटी, तिच्या बुडाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र. ती पाण्यावर सोडली म्हणजे हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. ती एक घटका. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा हीच वाटी पाण्यावर सोडून बसत. आता ही वाटी ज्याने ओळखली नाही, तो तिला फुटकी समजेल, आणि गृहिणी काटकसरी असेल तर ती डाग देऊन छिद्र बुजवूनही घेईल. त्या क्षणी वाटी दुरुस्त होईल आणि काल मोजणारे यंत्र मरेल. ज्याला आपण व्यंग समजलो तेच त्या वस्तूचे सर्वस्व होते. जुन्या काव्यातील न कळलेला पाठ ‘शुद्ध’ करून छापणारे संपादक याहून निराळे काय करतात?

वस्तूच्या अंगाखालोखाल विश्वासू साक्षीदार म्हणजे भाषा. घटिकापात्र गेले, पण ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग राहिला, आणि त्यातील ‘भरली’ हे क्रियापद पाण्याची आठवण अजून धरून आहे. उखळे गेली, पण एखाद्याचे ‘उखळ पांढरे झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा कांडलेल्या धान्याचा उखळाला बसलेला तो पांढरा थर हीच श्रीमंतीची खूण होती, हे भाषेने टिपून ठेवले आहे. ‘पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा’ या म्हणीत चार शेरांची पायली आणि तिच्या निम्मी अधोली सुखरूप आहेत. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, तरी म्हणीला तो लागू झाला नाही. म्हणून १८३१ आणि १८५७ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाच्या दोन आवृत्त्या, दाते व कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’, हे ग्रंथ अनोळखी वस्तूंच्या टीकाकाराने हाताशी ठेवलेच पाहिजेत. तथापि कोशाची एक मर्यादा आहे. कोशात शब्द आहे पण वस्तू नाही. माळ्यावर वस्तू आहे पण शब्द नाही. या दोघांची गाठ घालून देणारे माणूस तिसरेच असते.

ते माणूस म्हणजे जिने ती वस्तू वापरली ती आजी, किंवा ज्याने ती घडविली तो तांबट, सुतार, कासार. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पुण्यात उभारलेला, त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावे असलेला संग्रह आम्हांस थोर वाटतो तो याच कारणाने. तलवारी आणि नाणी जमविणारे पुष्कळ झाले. केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या आणि स्वयंपाकघरातील भांडी यांना तोच मान दिला. कवीने शब्द सोडून वस्तूंच्या मागे लागावे यात अनेकांना नवल वाटते. आम्हांस ते एकाच कामाचे दोन भाग वाटतात.

परंतु केवळ जतन पुरेसे नाही. संग्रहालयांतून आणि हौशी लोकांच्या कपाटांतून जी पाटी वस्तूखाली लावलेली असते, तीवर बहुधा धातू, शतक आणि एक मोघम नाव इतकेच असते. आमची अपेक्षा निराळी आहे. वस्तू कोणत्या गावची, कोणाच्या घरची, तेथे तिला काय म्हणत, ती कोणत्या हातात असे, आणि तिच्या अंगावर झीज कोठे आहे, हे पाटीवर असावे. आणि जेथे हे कळत नाही, तेथे ‘उपयोग अज्ञात’ असे स्वच्छ लिहावे. त्यात टीकाकाराचा कमीपणा नाही. उलट पुढे येणाऱ्या जाणत्याला त्या दोन शब्दांनी दार उघडे राहते. चुकीचे नाव मात्र ते दार लावून घेते, कारण नाव मिळालेल्या वस्तूविषयी पुन्हा कोणी विचारीत नाही.

वाचकांच्या घरी असे जाणते माणूस अजून असेल, तर त्यांनी माळ्यावरची पेटी आजच खाली काढावी, आतली वस्तू न घासता त्या माणसाच्या हाती द्यावी, आणि काही न विचारता आधी त्याचा हात ती कशी धरतो ते पाहावे. नाव कदाचित त्यालाही आठवणार नाही. पण हाताची आठवण जिभेच्या आठवणीहून बहुधा टिकाऊ असते.